न विचारता दिलेले टोले

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. चर्चच्या मनोऱ्यात, बहात्तर पायऱ्यांवर टांगलेली. तांबे आणि कथील वितळवून मला ओतले, तेव्हा ओतारी मिशीला पीळ देत म्हणाला होता, "हिचा आवाज पुलापलीकडे जाईल." पुढे तेच कौतुक अंगाशी आले.

माझी दोरी ओढणाऱ्याला सगळे दोरीकाका म्हणत. लग्न असो, बाप्तिस्मा असो, हात त्यांचाच. कोणी वारले की वयाइतके टोले द्यायचे. पण आधी त्या घरी जायचे, दाराशी विचारायचे आणि मगच दोरी धरायची, असा नियम होता.

गावातल्या शिंपीणबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. एका सकाळी पाळकसाहेब त्यांच्या घरातून मान खाली घालून निघालेले काकांना वरून दिसले. काकांचे गुडघे ठणकत होते. "आता विचारायचं काय राहिलंय?" ते पुटपुटले आणि मला अडुसष्ट टोले द्यायला लावले.

बाई जिवंत होत्या! "माझे टोले ऐकायचं भाग्य मलाच मिळालं," म्हणून त्या हसल्याही. चार दिवसांनी मात्र खरोखरच गेल्या, दाराकडे डोळे लावून.

अंत्यविधीचा निरोप मिळताच त्यांचा मुलगा आला. भांडून गेलेला, नऊ वर्षांनी. आई कालच गेली हे ऐकून तो मटकन खाली बसला. मी चुकून वाजले त्या सकाळी, आई आजारी असल्याचे कळून, तो पुलापर्यंत आला होता. टोले मोजून, आई गेली समजून, तिथूनच परतला होता.

काकांनी दोरी खुंटीला अडकवली. "देव क्षमा करतो," पाळकसाहेब म्हणाले. "देव करील हो. पण त्या पोरापुढे कुठल्या तोंडानं जाऊ?" काका म्हणाले. दोन वर्षे ते दर शनिवारी मनोरा झाडत, माझ्याकडे वर बघतसुद्धा नसत. माझ्या अंगावर हिरवट थर चढला. मला फार वाईट वाटे. खोटे तर मीच बोलले होते.

एका शनिवारी तो मुलगा धापा टाकत वर आला. काकांच्या हातातला झाडू गळून पडला. ते त्याचे पाय धरायला वाकले. त्याने त्यांना सावरले.

"काका, तुम्ही दाराशी विचारलं नाहीत, तसं मीही नाही. आईसमोर जायची हिंमत नव्हती, तुमच्या टोल्यांनी मला सबब दिली. दोन वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या. प्रभूनं मला माफ केलंय, मग मी तुम्हाला कसा अडकवून ठेवू? उद्या माझ्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. आईचंच नाव ठेवतोय. घंटा तुम्हीच वाजवा."

काकांनी डोळे पुसले आणि खुंटीवरची दोरी सोडवली.

रविवारी बाळाला घेऊन सगळे अंगणात, चर्चच्या दाराशी उभे होते. वरून लख्ख दिसत होते. तरी काका बहात्तर पायऱ्या उतरले आणि दाराशी जाऊन त्यांनी विचारले, "बाळ आलंय ना?" काहीजण हसले. मुलगा हसला नाही. "आलंय, काका," तो म्हणाला.

मग ते पुन्हा वर चढले. पहिला टोला कापरा निघाला. दुसरा पुलापलीकडे गेला.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कोणाविषयी काही बोलण्याआधी त्याच्या दाराशी जाऊन या. आणि जो चुकला, त्याला नुसते झाडायला ठेवू नका. दोरी पुन्हा त्याच्या हातात द्या.