हेमराजभाऊंची डावी बाजू

आमच्या कुरखेड्यात कोणाकडे काय शिजतं ते मला फोडणीच्या वासावरून कळतं, आणि हेमराजभाऊंचं अंगण तर माझ्या सैपाकघराच्या खिडकीतून सरळ दिसतं. म्हणून लकव्यानं डावं अंग गेल्यावर मनकर्णानं नवऱ्याला लहान लेकरासारखं पुन्हा कसं उभं केलं, ते मी पहिल्या दिवसापासून पाहिलेलं आहे. आंघोळ झाली की ती त्यांची आखडलेली बोटं एकेक करून उकलायची, मग कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधून त्यांना अंगणात चालवायची. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच बजावलं होतं, की धरणाऱ्यानं लुळ्या बाजूला राहायचं. माणूस पडतो तो तिकडेच.

तरी पावसाळ्याच्या तोंडाशी मनकर्णा उजवीकडून चालू लागली.

मला राहवलं नाही. "काऊन वो, उलट्या बाजूनं धरून राह्यली? पडले म्हंजे?"

"बाई, तुमी डॉक्टरीण कवा झाल्या?" हेमराजभाऊ वाकड्या तोंडानं हसले.

मनकर्णा मात्र हसली नाही. "तिकडे जागा नाई, बाई," एवढंच म्हणाली.

अंगण चांगलं बैलगाडी वळेल एवढं मोकळं होतं.

मग धानाचे रोवणे लागले. शेताच्या बांधीत पाणी साचलं, लावणीला बाया मिळेनात, शेवटी मनकर्णालाच जावं लागलं. जाताना तिनं पट्टा माझ्या हातात दिला. "सांभाळा, बाई. आता एकदा पडले ना, तर खाटच धरतीन. पुन्हा उठाची हिंमत नाई करणार."

मी शहाणपणानं डावीकडे गेले. भाऊंनी हळूच मान हलवली.

"तिकडून नका. तिले अडचण होते."

"कोणाले?"

ते लाजल्यासारखे डावीकडे पाहत राहिले. मी मुकाट्यानं उजवीकडे आले.

अंगणाच्या मध्यावर शेवाळ होतं. त्यांचा डावा पाय सरकला, सगळं अंग तिकडे कललं आणि पट्टा माझ्या हातातून सुटला. मी डोळे मिटायच्या आतच ते थांबले. एक झाड दुसऱ्या झाडावर रेलावं तसे, तिरपे. सदऱ्याला काखेखाली चुण्या पडल्या होत्या, कोणी खालून घट्ट आधार द्यावा तशा. मग सावकाश, फार मायेनं म्हणावं असं, ते सरळ होत गेले.

"झालं, झालं," ते पुटपुटले. माझ्याशी नव्हे.

मी ओरडायलाच हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर पडायची भीती औषधालाही नव्हती, आणि ते पाहून माझेच डोळे भरून आले. आम्ही तसेच घरापर्यंत गेलो.

त्यांचं दार अरुंद आहे. मी उंबऱ्याशी थांबले, अंग चोरलं, आणि त्या दोघांना आधी आत जाऊ दिलं.