ओढू की तोडू

मित्रांनो, वाळूवर एका कुशीवर कललेली, रंगाचे पोपडे निघालेली जी बोट तुम्ही जाता-येता पाहता, ती मी. मी एक जुनी बोट आहे. तुमच्यातले काही जण माझ्या पोटात लपाछपी खेळतात, ते मला फार आवडते. पण इंजिनखोलीत कुणीच लपत नाही. एकदा गेलेला पुन्हा तिकडे फिरकत नाही. का, ते आज सांगते.

मी मासे धरण्यासाठी जन्मले. सुताराने माझ्या फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकला, वरून डांबर भरले आणि मला पाण्यात सोडताना तो म्हणाला, "ही पोरगी कुणाला बुडवायची नाही." ते मी खरे केले. मी कुणालाही बुडवले नाही. तरी एक माणूस माझ्याच पोटात गेला.

माझ्यावर कप्तान होता, दोनचार खलाशी होते आणि विंचवर पैलवान होता. विंच म्हणजे जाळ्याचा दोर ओढणारे यंत्र. पैलवान अंगाने काडी, म्हणूनच त्याचे नाव पैलवान. खाली इंजिनावर त्याच्या ताईचा नवरा होता. पैलवान त्याला दाजी म्हणे, मग काय, एकाचे दाजी ते सगळ्यांचे दाजी! कप्तानसुद्धा, वयाने मोठा असून, दाजीच म्हणायचा. इंजिनखोलीतून विंचपर्यंत बोलण्याची एक नळी होती. जाळे भरले की दोर जड होई, इंजिन कण्हू लागे, आणि मासा दिसायच्या आधीच नळीतून दाजींचा आवाज येई, "भरलं रे पैलवान! ओढ!" ते सुखाचे दिवस होते. मला वाटे, ते कधी संपणारच नाहीत.

मग लढाई आली. मला करडा रंग फासला. माझे जाळे काढून घेतले आणि त्या जागी तारेचा लांबलचक दोर दिला, त्याला कात्र्या लावलेल्या. शत्रूने समुद्रात सुरुंग पेरले होते. सुरुंग म्हणजे दारूने भरलेला लोखंडी गोळा, तळाशी साखळीने बांधलेला आणि पाण्याखाली दबा धरून बसलेला. मी तो दोर मागे ओढत फिरायचे. कात्रीने साखळी कापली की गोळा वर येई, आणि खलाशी त्याला लांबून गोळी घालून फोडत. माझ्यामागून धान्याची, औषधांची जहाजे निर्धास्त येत. जाताना ती भोंगा वाजवत आणि माझी छाती फुगे. पण खरे सांगते, पाण्याकडे बघायची मला भीती वाटू लागली होती.

या कामाचे दोन नियम होते. एक, दोर पाण्यात असताना सगळ्यांनी वर, उघड्यावर, गुडघे वाकवून उभे राहायचे. खालून हादरा बसला तर ताठ पाय मोडतात. खाली राहायचे एकट्या दाजींनी. दुसरा नियम, दोर जड लागला तर ओढायचा नाही, तोडायचा. जड दोर म्हणजे अडकलेला सुरुंग. त्यासाठी विंचजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे.

एका दुपारी काम आटोपून दोर आत घेत होते. समुद्र शांत होता. दोर जड झाला, इंजिन कण्हले, आणि नळीतून आवाज आला, "भरलं रे पैलवान! ओढ!" दाजी थट्टेने म्हणाले की जुन्या सवयीने, ते मला अजून कळलेले नाही. पैलवानाचा हात मात्र कोळ्याचा होता. भरलेले जाळे सोडणे त्या हाताला कुणी शिकवलेच नव्हते. त्याने ओढले.

माझ्या मागे, हातभर पाण्याखाली, काहीतरी काळे गोल दिसले. कप्तान किंचाळला, "तोड! अरे, तोड!" पैलवानाने घाव घातला, दोर तुटला, गोळा जरा मागे पडला आणि फुटला. माझ्या मागच्या, इंजिनखोलीच्या फळ्या आत घुसल्या. वर वाकून उभे असलेले सगळे वाचले. पैलवान नळीला तोंड लावून "दाजी, दाजी" अशा हाका मारत राहिला. मला ओढून बंदरात आणेपर्यंत तो थांबला नाही.

लढाई संपली. माझ्या मागच्या फळ्या बदलल्या, करडा रंग खरवडला, जाळे परत आले. इंजिनावर नवा माणूस आला. बोलायचे जिवावर यायचे त्याच्या, म्हणून त्याला सगळे मुका म्हणत. पहिल्याच फेरीला जाळे जड लागले आणि नळीतून स्पष्ट आवाज आला, "भरलं रे पैलवान! ओढ!"

मित्रांनो, मीही तो ऐकला. पैलवानाने कुऱ्हाड उचलली आणि जाळे, मासे, सगळे समुद्राला देऊन टाकले. कप्तानाने खाली वाकून विचारले, "मुक्या, तू बोललास का?" त्याने नुसती नकाराची मान हलवली आणि नळीत चिंधी कोंबली. पुढच्या खेपेला आवाज चिंधीतूनही आला. ते जाळेही गेले.

जाळी विणत होती ताई. नवरा गेल्यावर दोन लेकरांचे पोट ती त्यावरच भरत होती. ती विणत होती आणि तिचा भाऊ तोडत होता. शेवटी कप्तान धक्क्यावर तिच्यासमोरच पैलवानाला म्हणाला, "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे कबूल. पण तू तर दर वेळी ताक सांडतोस रे! हे शेवटचं जाळं. हे गेलं की मी बोट विकतो. मग तूही घरी, मीही घरी."

ताई म्हणाली, "उद्या मी येते."

ती आली. सरळ इंजिनखोलीत उतरली. मुक्याला म्हणाली, "तुम्ही वर जा. इंजिन कसं चालू ठेवायचं ते यांनी मला शिकवलंय." आणि तिने नळीतली चिंधी उपसून काढली.

दुपारी दोर जड झाला. इंजिन कण्हले. आवाज आला, "भरलं रे पैलवान! ओढ!" पैलवानाने कुऱ्हाड उगारली. तेवढ्यात नळीतून ताई बोलली.

"थांब. ऐकलं मी. त्यांचाच आवाज आहे. आता माझं ऐक. मी त्यांच्या जागी बसलेय. ओढ."

"ताई, तू आधी वर ये."

"आणि यांना इथं एकटं सोडू? ओढ तू."

वर सगळ्यांनी न सांगता गुडघे वाकवले. पैलवानाच्या हातातून कुऱ्हाड गळून पडली. रडत रडत त्याने विंच फिरवला. जाळे वर आले, मासळीने तट्ट भरलेले. कुणी हसले नाही. पैलवान तडक खाली उतरला आणि त्या बहीणभावांचे इतक्या दिवसांचे रडणे माझ्या पोटात मोकळे झाले.

त्यानंतर पैलवानाला आवाज आला नाही. म्हातारा होईपर्यंत तो माझ्या विंचवर होता.

मला मात्र तो अजून येतो. वारा असो, नसो. मी लाकडाची आहे, मला ओढता येत नाही, तोडताही येत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. लढाईवरून परतलेले माणूस तुमच्या घरी असेल, तर "झालं गेलं विसर" असे त्याला सांगू नका. ते जिथे अडकले आहे, तिथे उतरून त्याच्याजवळ बसा. आणि पुढच्या वेळी खेळायला आलात की कुणीतरी थोडा वेळ इंजिनखोलीत थांबा. आवाज आला तर पळू नका. दाजी फार चांगला माणूस होता, आणि तिथे तो एकटा आहे.