डाव्या कुशीवरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. ऑपरेशन थिएटरात भूल दिलेल्या माणसाच्या उशाशी उभं राहायचं आणि त्याची नाडी, त्याचा रक्तदाब दाखवायचा, एवढंच माझं काम. कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! पुढे आतली एक वायर सैल झाली आणि मी अधूनमधून उगाचच बोंबलू लागलो. डाव्या कुशीवर थप्पड बसली की गप्प व्हायचो. वायर कुणी घट्ट केली नाही. मला 'नाटक्या' नाव मात्र ठेवलं. ते माझ्या जिव्हारी लागलं.

एके सकाळी पित्ताशयाच्या ऑपरेशनला एक शिंपीणबाई आल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना झोपेचं औषध दिलं, मग स्नायू सैल करणारं, आणि घशात नळी घातली. अंगावर गळ्यापर्यंत हिरव्या चादरी पडल्या. दोनच मिनिटांत माझ्या पडद्यावर रक्तदाबाच्या जागी नुसत्या दोन रेघा उरल्या. मी जीव तोडून ओरडलो.

"झालं याचं नाटक सुरू," म्हणत डॉक्टरांनी मला थप्पड मारली. मी ओरडतच राहिलो. दुसरी मारली. तिसरी इतकी जोरात बसली की माझा पत्रा आत गेला. तेवढ्यात थोरल्या सिस्टरनी चादर खसकन ओढली. बाईंच्या छातीभर लालभडक गांधी उठल्या होत्या, ओठ सुजून निळे पडले होते.

"डॉक्टर, मशीन खरं बोलतंय," त्या म्हणाल्या.

ती औषधाची अ‍ॅलर्जी होती. नाडी हाताला लागेना. डॉक्टर दोन्ही तळहात छातीत रोवून सगळा भार टाकू लागले. फासळी कडकन मोडली, तरी ते थांबले नाहीत. सिस्टरनी शिरेत अ‍ॅड्रेनलिन सोडलं, सलाइनच्या पिशव्या पिळून रिकाम्या केल्या. मला तर रडू येत होतं. नवव्या मिनिटाला माझ्या पडद्यावर आकडा उमटला.

बाई वाचल्या. डॉक्टरांनी स्वतः त्यांच्या खाटेशी जाऊन सांगितलं, की आपण तीन थपडांचा वेळ वाया घालवला. बाईंनी फासळी धरून विचारलं, "मशीन फुटलं नाही ना?" पुढे तपासणीत दोषी ठरलेल्या औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड मिळालं, तेव्हा त्यांनी पर्सला त्याच्यापुरता वेगळा खिसा शिवला.

मिस्त्रीनं माझी वायर घट्ट केली आणि पोचा काढायला हातोडी उचलली. डॉक्टरांनी त्याचा हात धरला. आता मी शिकवणीच्या खोलीत असतो, आणि ते प्रत्येक नव्या डॉक्टरची बोटं त्या पोच्यात ठेवतात.

मित्रांनो, सैल वायर त्याच दिवशी घट्ट करा. आणि माझ्यासारखं कुणी ओरडलं, तर आधी चादर उचला. मला मारायला नंतर वेळ असतोच.