अंड्यावर बसलेलं जनावर

त्या दिवशी दुपारी मी गिरणी बंद ठेवली होती. माझ्या बायकोला, दैवशालाला, आतल्या खोलीत गोष्टीसाठी आवाज भरायचा असला की मी दळण थांबवायचो, नाहीतर फोनमध्ये गिरणीच ऐकू यायची. आतली खोली ज्वारीच्या पोत्यांची. आवाज घुमू नये म्हणून तिने भिंतींना जुन्या वाकळा टांगल्या होत्या. त्या दाराला आतून कडी नाही. म्हणून बाहेरच्या कडीत लाल गमजा अडकवला की कुणी हाक मारायची नाही आणि दार लोटायचं नाही, असा नियम तिने केला होता. तो पाळून घ्यायचं काम माझं.

मी दारापाशी बसलो होतो. आतून जनावराचा आवाज येत होता. तेवढ्यात शेजारची गजरावहिनी अंडी मागायला आली. तिची कोंबडी खुडूक झाली होती, तिला अंड्यावर बसवायची होती. मी ओठावर बोट ठेवलं. ती माझ्या शेजारी टेकली आणि ऐकू लागली.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "आज लईच भ्या दावायलीय की वो दैवशाला."

"शेवटचा भाग हाय. आज मरायचंय जनावर."

"मरू द्या बाई एकदाचं. माझा नातू अंधार पडला की मुतायला बाहेर जाईना झालाय. मलाच उठवतोय, अन् मी बी त्याचाच हात धरून जातीय."

मला हसू आलं. मी तोंडावर हात दाबला, तरी ते थोडं बाहेर पडलंच.

आतला आवाज मध्येच थांबला. पुन्हा सुरू झाला. घशातून खोल, लांब, दम लागल्यासारखा. मग पार बंद झाला. आम्ही उठलो नाही. आवाज काढून झाला की ती थोडा वेळ तशीच गप्प बसायची, कारण पुढं कापाकापी करायला मोकळी शांतता लागते, असं तिला सांगितलेलं होतं. ती शांतता आम्ही दोघं राखत बसलो. गजरावहिनीने खोकला पदरात दाबला. मी चहा ठेवला. चहा उकळून आटला तरी दार उघडेना, तेव्हा मी आत गेलो.

दैवशाला पोत्याला टेकून बसली होती. गोष्टीचे कागद मांडीवरून खाली सरकले होते. समोर पाटावर फोन होता आणि त्यावरचे आकडे पळतच होते.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. नेमका कधी आला ते त्यांना सांगता येईना. "कण्हल्या असतील की," ते म्हणाले, "कुणीच ऐकलं नाही का?"

आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

दैवशाला आमच्या माकणीच्या अंगणवाडीत होती. लेकरांना गोष्ट सांगताना ती बिबट्या व्हायची, म्हैस व्हायची, एसटीचा ड्रायव्हरसुद्धा व्हायची. लोहाऱ्याच्या किराणावाल्यांचा राजशेखर एकदा तिथे आला आणि दारात उभा राहून त्याने सगळी गोष्ट ऐकली. तो फोनवर ऐकायच्या भुताखेताच्या गोष्टी लिहितो. तो म्हणाला, "काकू, माझ्यासाठी आवाज द्याल का?" तेव्हापासून आतल्या खोलीत वाकळा लागल्या. आधी चकव्याची गोष्ट झाली, मग हडळीची. मग तो एका डायनासोरचं चित्र घेऊन आला. येडशीला रामलिंगच्या घळीत मोर बघून त्याला ती गोष्ट सुचली होती. घळीत असलं एक जनावर उरलंय, खाली पडलेली पिसं लोक मोराची समजून उचलतात, आणि मग एकेक माणूस नाहीसा होतो.

दैवशालाने चित्र लांब धरून पाहिलं. अंगभर पिसं, तोंडात दात, पायाला विळ्यासारखी एक नखी.

"अरे, ही तर दात आलेली कोंबडी," ती म्हणाली. "हिला कोण भ्यायचं?"

"सिनेमात तर नुसतं कातडं असतंय," मी म्हणालो. "घोरपडीगत. अन् सारखं तोंड वासून वरडतंय."

"सिनेमावाल्यांना तसंच बरं पडतंय, काका. पण शिकार करणाऱ्या बऱ्याच जातींना पिसं होती, असं आता शास्त्रज्ञ म्हणतात. काही तर अंड्यावर बसायची. मंगोलियाच्या वाळवंटात तशीच सापडलीत, अंड्यावर हात पसरून, दगड झालेली."

"बसल्या जागी मेली?" दैवशालाने विचारलं.

"व्हय. वाळूत गाडली गेली."

"उठून पळाली न्हाय?"

"न्हाय."

तिने चित्र पुन्हा हातात घेतलं. भूकंप झालेल्या आमच्या भागात गाडलं जाणं म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आवाजावरून मात्र दोघांचं वाजलं. राजशेखरला डरकाळी हवी होती. ती म्हणायची, "अंड्यावर बसलेली कवा वरडती का? वरडली तर साऱ्या जगाला कळंल अंडी कुठं हायत ते. तू खुडूक कोंबडीखाली हात घालून बग एकदा."

"काकू, आमी लिंगायत. आमच्या घरात कोंबडीचं नाव घेत न्हाईत, अन् मी कोंबडीची गोष्ट लिहायलोय. अप्पांना कळलं तर मला दुकानात बसू देणार न्हाईत."

ती त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि डालगं उचललं. कोंबडीने सगळी पिसं फुलवली, मान आत ओढली आणि घशातल्या घशात गुरगुरली. राजशेखरने हात मागे घेतला. "व्हय, हेच," तो म्हणाला. "हेच मोठं करा."

तिने ते मोठं केलं. पहिला भाग आला तेव्हा लोकांनी खाली लिहिलं, पिसाचा राक्षस कसला, चिकन सिक्स्टी फाय करा त्याचं. ती वाचून पोट धरून हसली. तिसऱ्या-चौथ्या भागानंतर तसं कुणी लिहिलं नाही. डरकाळी फोडणारं जनावर कुठं आहे ते कळतं. हे जनावर जवळच कुठंतरी बसलेलं असायचं.

ती गेल्यापासून तिचा साधा बोलण्याचा आवाज फारसा कुठं ऐकू येत नाही. जनावर मात्र सगळीकडे आहे. बसस्टँडच्या हॉटेलात कुणाच्या तरी फोनवर लागलेलं असतं. उसाच्या ट्रॅक्टरवर लागतं. एकदा दळण घेऊन आलेल्या माणसाच्या खिशात ते वाजलं. त्याने फोनची घंटीच ती ठेवली होती. मला पाहून तो चपापला. मी म्हणालो, राहू दे. पण त्याचं पीठ मी जाड दळलं, आणि त्याने ते तसंच नेलं.

एका सकाळी राजशेखर आला. चहा नको म्हणाला. करिश्माने, माझ्या लेकीने, आईचा आवाज भरायचा फोन त्यातले फोटो काढून घ्यायला त्याच्याकडे दिला होता.

"काका, रागावणार नसाल तर बोलतो. काकूनं शेवटचा भाग पुरा केलाय."

मी दळणाचा डबा बाजूला सरकवला.

"असलं काम तिनं कवाच केलं नव्हतं. लोक रोज विचारायलेत, शेवट कधी म्हणून. तुमची परवानगी असंल तर घालतो. तुमी आत येता तिथनं पुढचं काढून टाकतो."

म्हणजे माझं ओरडणं त्याने ऐकलं होतं.

"तू शेवट काय लिहिला होतास?"

"लोक भाले घेऊन घळीत उतरतात. ते डरकाळी फोडतं अन् मरून पडतं. एकदा तरी डरकाळी पायजे म्हणून मी भांडलो होतो काकूशी. पण तिनं फोडलीच न्हाय. ते बसूनच राहतं अंड्यावर. आवाज बारीक व्हत व्हत जातो. अंगावर काटा आला, काका. माझ्यापेक्षा चांगला शेवट केला तिनं."

"तिनं केला का?"

"म्हंजे?"

मग मी त्याला सांगितलं. आम्ही दाराबाहेर बसलो होतो. आवाज मध्येच थांबला, पुन्हा आला, आणि बंद झाला. त्यातला कुठवर जनावराचा आणि कुठून तिचा, ते मला ठाऊक नाही.

राजशेखर गाडीची किल्ली हातात फिरवत होता, ती थांबली. "मी तसं ऐकलंच न्हाय," तो म्हणाला. मग किल्ली खिशात टाकत म्हणाला, "आता मला तसंच ऐकू येणार."

जाताना त्याने ते सगळं माझ्या फोनमध्ये टाकून दिलं. न कापता, पहिल्यापासून. "पुसून टाक म्हणालात तर पुसतो. घाल म्हणालात तर घालतो. पण मला ठरवता यायचं न्हाय, काका. तिचा श्वास तुमाला ठाऊक."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एवढंच आहे. ते तिचं काम असेल, तर पुसणं म्हणजे तिने केलेलं सगळ्यात चांगलं काम उकिरड्यावर टाकणं. जनावराने उठू नये, हे तिचंच म्हणणं होतं. आणि ते काम नसेल, तर माझी बायको मरताना लोक चहा पीत ऐकणार. छान जमलंय म्हणून खाली लिहिणार.

परवा दुपारी मी गिरणी बंद केली आणि आतल्या खोलीत गेलो. वाकळा तशाच आहेत. दार लोटून घेतलं, ती बसायची तिथे बसलो आणि फोन लावला.

आधी कागदाचा आवाज. मग ती घसा साफ करते. मग घळीत उतरणारी माणसं; सगळी तीच. एक भित्रा म्हातारा आहे, तो बोलतो आमच्या पोस्टमनसारखा. ते मला कधी तिने सांगितलं नव्हतं. मग माणसं गप्प होतात आणि जनावर सुरू होतं.

मी कान लावून ऐकत होतो. झोपेत ती नाकाने कशी श्वास घेते ते मला माहीत आहे. ताप आला की कशी कण्हते तेही माहीत आहे. वाटलं होतं, ऐकलं की कळेल. काही कळेना. तिचा श्वास आणि जनावराचा श्वास एकच होता, कारण दुसरा कुणाचा असणार? मी आवाज वाढवला.

मध्येच, दाराच्या पलीकडून, कुणीतरी हसलं.

तो मीच होतो, त्या दिवशीचा.

जनावर त्या हसण्याला थांबलं. आणि पुन्हा सुरू झालं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि गजरावहिनी आत आली. हाताला कणीक तशीच होती.

"भावजी! काय झालं वो? भावजी!"

मी फोन बंद केला. ती पोत्याला धरून उभी राहिली, धापा टाकत. फोन पाहिला तेव्हा तिला कळलं.

"मेलेलं माणूस बी तुमच्यापायी पळत येईल," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी."

"बसा, वहिनी."

ती खाली बसली आणि बोटांची कणीक काढत राहिली.

"एक इचारू?" मी म्हणालो. "त्या दिशी तुमाला काय वाटलं? ऐकताना?"

"जनावर वाटलं. तुमाला?"

"मला बी."

"मग जनावरच असंल की. तिला कायतरी झालं असतं तर तिनं हाक मारली असती. तुमी दाराशी हाव, हे तिला ठाऊक होतं."

"अन् हाक मारता येत नसंल तर?"

कणीक काढता काढता ती थांबली. म्हणाली, "माझ्या सासूचं मरण म्या पाहिलंय, आईचं बी. त्यांचा आवाज असा नव्हता."

"खरं सांगायलाव का?"

"न्हाय," ती म्हणाली. "मला आता आठवत न्हाय. त्या दोघींचा आवाज आठवाया गेलं की हाच येतोय. कोंबडी जरा गुरगुरली की म्या कणीक सोडून डालगं उचलून बगती. जित्ती हाय का म्हणून."

मग तिने डोळे पदराला पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि रागावून म्हणाली, "एकट्यानं ऐकू नका. अन् ऐकायचंच असंल तर दार उघडं ठेवून ऐका. माणसानं किती धावायचं?"

ती गेल्यावर मी गिरणी चालू केली. दळणाचे डबे येऊन पडले होते.

काल राजशेखरचा फोन आला. तो त्याबद्दल विचारत नाही. जेवलात का विचारतो, करिश्मा कधी येणार आहे विचारतो, आणि फोन ठेवतो. लोक अजून त्याला शेवट मागतात. त्यांच्या लेखी जनावर घळीत बसलेलं आहे.

माझ्या हसण्याच्या पुढचा भाग ऐकायचा राहिला आहे. तो ऐकल्याशिवाय राजशेखरला हो किंवा नाही सांगता येत नाही, आणि मी तो अजून ऐकलेला नाही.