आवक : तीन गाड्या

आप्पासाहेबांची चिठ्ठी चार ओळींची होती. "ढवळेवाडीच्या बाजारात महिनाभरात करडईची आवक फक्त तीन गाड्या. म्हणजे भागात तेलाचा तुटवडा आहे. आणखी चारशे डबे पाठवत आहोत. आकडा पडताळून कळवा."

आप्पासाहेब नगरला आमच्या मदत संस्थेचे प्रमुख. दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावरच्या मजुरांना आम्ही परदेशातून आलेलं तेल वाटत होतो. तेव्हा ते हवंच होतं. पण गेल्या पावसाळ्यात पाऊस झाला, रब्बी पिकली, आणि डबे येतच राहिले. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते; त्याचा बाजारावर काय परिणाम होतो हे पाहायला संस्थेने मला नेमलं होतं.

ढवळेवाडी शेवगावपासून सात मैलांवर. बुधवारी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी सहाला मी बाजाराच्या नाक्यावर वही घेऊन बसले. दहापर्यंत करडईच्या एकोणीस गाड्या आत गेल्या. बारानंतर त्यातल्या अठरा भरलेल्याच परत आल्या.

नाक्यावरचा कारकून छगन याची वही मी मागितली. त्यात लिहिलं होतं : करडई, आवक, एक गाडी.

"बाकीच्या अठरा?"

"त्या इकल्या कुठं? काट्यावर माल चढला, तोलाई घेतली, की मी लिवतो. न चढलेला माल आलाच न्हाई म्हनायचं. पहिल्यापासनं तसंच हाय."

मी ते दोनदा लिहून घेतलं. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो आलाच नाही, आणि आला नाही म्हणून तुटवडा, आणि तुटवडा म्हणून चारशे डबे. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलीने असं उत्तर लिहिलं असतं तर मी वही तिच्यापुढे टाकली असती.

परतणाऱ्या शेवटच्या गाडीला एकाच बाजूचा बैल स्वतःचा होता, दुसरा शेजाऱ्याकडून सावडीने आणलेला. गाडी गोजरबाईची. तिचा एक बैल दुष्काळात गुरांच्या छावणीत मेला होता. सहा पोती करडई विकून पेरणीआधी दुसरा घ्यायचा, एवढाच तिचा हिशेब. हातांवर करडईच्या काट्यांचे ओरखडे अजून ओले होते.

"घाण्यावाला घेत न्हाई," ती म्हणाली. "म्हंतो, डब्याचं तेल निम्म्यात मिळतंय, तुजी करडई गाळून मी पिऊ का?"

दुकानात डबे उघड मांडलेले होते. प्रत्येकावर इंग्रजीत छापलेलं : विक्रीसाठी नाही. मजुरांनीच ते विकले होते. मीठमिरची तेलाच्या डब्यावर मिळत नाही, त्यांनी काय करायचं?

"बाई, तुमी शिकलेल्या," गोजरबाईने विचारलं, "त्या डब्यासंगं पेंड येती का?"

"नाही."

"मग माज्या बैलाला काय डबा चाटाया लावू? घाना बंद, तर पेंड बंद. हाय त्यो बैलबी जाईल."

गुरुवारी मी नगरला गेले. आप्पासाहेबांनी माझी वही चाळली, चष्मा काढला.

"तुमचं कष्टाचं काम आहे, बाई. पण ही तुमची घरची वही. हिच्यावर नाक्याचा शिक्का कुठे आहे?"

"नाक्याची वही चुकीची आहे, साहेब."

"असेल. पण कागद तोच आहे. डबे बुधवारी निघतील."

"एकोणीस गाड्या मी मोजल्यात."

"आपण लोकांना देतोय, त्यांच्याकडून घेत नाही, एवढं लक्षात ठेवा." आणि त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. मी चहा घेतला नाही.

परतताना मी सरळ गोजरबाईच्या वस्तीवर गेले. शिक्क्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी छगन्यानं लिवलं की झालं?"

बुधवारी मी पोचले तेव्हा नाक्याच्या तोंडाशीच तिची गाडी आडवी उभी होती. बैल सोडलेले. तिच्यामागे गाड्यांची रांग ओढ्यापर्यंत, आणि रांगेच्या शेवटी डब्यांचा ट्रक, हॉर्न वाजवत.

"मावशे, गाडी काढ!" छगन ओरडत होता.

"लिव आदी."

"माल इकल्याबिगर लिवायचा नियम न्हाई."

"आरं, मी तुज्याम्होरं हुबी हाय आन् तू म्हंतो आली न्हाई? मेले का मी? लिव, गोजरबाई आली, सा पोती. इकली न्हाई तर तसंबी लिव."

रांगेतून हसू उठलं. कुणीतरी ओरडलं, "छगनराव, ट्रक लिवता, आमी दिसत न्हाई व्हय?"

ड्रायव्हर उतरून आला आणि त्यालाही पोचपावतीवर छगनचाच शिक्का हवा होता. छगनने कपाळ पुसलं आणि वही उघडली. त्याने एकतीस गाड्या लिहिल्या, एकेकीच्या मालकाचं नाव घेऊन. दुपारी बाजार उठला तेव्हा खाली लिहिलं, विक्री : दोन. मी नक्कल केली, त्याने शिक्का मारला.

गोजरबाईची पोती गाडीतच होती. बैलबाजार तीन आठवड्यांवर आला होता.

"आता पेंडीचं लिवा," ती मला म्हणाली.

"त्याला संस्थेच्या तक्त्यात रकाना नाही, गोजरबाई."

"न्हाई तर आखा की. पट्टी हाय न्हवं तुमच्याजवळ?"

मी पिशवीतून तक्ता आणि पट्टी काढली. तिने कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. मी रेघ मारली.