आबांचा जयभीम

संघप्रियाचे आबा शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीवर कामाला होते. रोज गेटातून आत शिरताना ते खणखणीत आवाजात ‘जयभीम!’ म्हणायचे, आणि वॉचमन रोज मान फिरवायचा. एकदा संघप्रियानं विचारलं, तेव्हा म्हणाले, “त्यानं उत्तर दिलं न्हाय म्हणून आपण म्हणायचं सोडायचं व्हय?”

आबा गेले आणि पोरीनं ब्लॉग सुरू केला. २००८ साल होतं ते. अख्खं कोल्हापूर ऑर्कुटवर एकमेकांची पाठ थोपटत होतं, आणि ही राजारामपुरीतल्या बाळासोच्या सायबर कॅफेत बसून आबांवर लिहायची. वाचायला कोण? अक्षता. कॉलेजपासूनची मैत्रीण, एका ताटात जेवलेली. गेटावरचा लेख वाचून तिनं खाली लिहिलं होतं, ‘आबांना माझा जयभीम. रडवलंस गं.’ त्या एका ओळीवर संघप्रियाचा महिना सुखात गेला. आणखी वाचक हवेत कशाला, असंच तिला वाटायचं.

एक दिवस बाळासो म्हणाला, “ताई, ह्ये वाचलं का? लय भारी लिवलंय बघा.”

ऑर्कुटवर तोच लेख होता. शब्द न् शब्द तिचा, नाव अक्षताचं. आबांचे ‘आमचे शेजारचे काका’ झाले होते, आणि हे काका गेटातून आत शिरताना खणखणीत आवाजात ‘रामराम!’ म्हणत होते. वॉचमन मात्र अजून मान फिरवतच होता. आता रामरामाला कुठला वॉचमन मान फिरवतोय? पण वाहवा करणाऱ्यांना त्याचं काय! खाली ‘एकच नंबर’ची रांग लागली होती.

संघप्रियानं तडक अक्षताचं घर गाठलं.

“अगं, तुझ्यासाठीच टाकलं की!” अक्षता हसत म्हणाली. “तुझा ब्लॉग कोण वाचतंय? इथं बघ, किती जणांना आवडलं.”

“माझं नाव काढलंस, ते ऱ्हाऊ दे. आबांचा जयभीम का काढलास?”

“तसंच ठेवलं असतं तर लोकांनी भलताच अर्थ काढला असता. आमच्या घरची माणसं हाईत तिथं.”

“ब्लॉगवर तर तूच लिवलं हुतंस की जयभीम.”

“तिथं आपण दोघीच होतो की गं!”

हे ती इतक्या सहज बोलून गेली, की भांडायलाही काही उरलं नाही. संघप्रियाला राग आला, पण त्याहून जास्त शरम वाटली, की हिच्या एका ओळीवर आपण महिनाभर फुलून होतो. दगा देणारं माणूस निदान ओळखू तरी यावं. हिचा चेहरा तोच होता, ताटात वाढून देणारा. समोर आलेला चहा तसाच ठेवून ती उठली.

कॅफेत येऊन तिनं ब्लॉग उघडला. अक्षताची ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि काढून टाकली. लेखाखाली आता कुणीच नव्हतं. मग तिनं नवं पान उघडलं, पहिला शब्द टाइप केला आणि तो मोठ्यानं म्हटलाही. “जयभीम!”

बाळासोनं दचकून वर पाहिलं आणि मान फिरवली.

संघप्रिया पुढं लिहीत राहिली.