एका डब्यात दोन प्रोसेसर

मागची खोली कोणाची, याचा निकाल रविवारी चहापर्यंत लागायचा होता. लेक सासर सोडून माहेरी परत आली होती आणि तिला शिवणकामासाठी जागा हवी होती. खोलीत मात्र बाबांचा चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर हातपाय पसरून बसला होता. आईने फर्मान काढलं होतं, "त्या डब्याने माझ्यादेखत एक तरी काम करून दाखवावं. नाहीतर त्याची रवानगी माळ्यावर."

बाबांनी धसका घेतला होता. निवृत्तीनंतर घरात आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

डब्यातल्या मूळ प्रोसेसरशेजारी बाबांनी वेगळ्याच जातकुळीचा दुसरा बसवला होता आणि दोघांना एका मेमरीत नांदवायचा विडा उचलला होता. दुसऱ्याचा कैवारी म्हणजे त्यांचा ऑफिसातला जुना मित्र. काहीही बिघडलं की तो कंडेन्सरवर खापर फोडायचा, म्हणून त्यालाच सगळे कंडेन्सर म्हणत. मूळ प्रोसेसरचा प्रोग्राम बाबांचा, दुसऱ्याचा त्याचा. कोणाचा प्रोसेसर खानदानी यावरून दोघांचं इतकं बिनसलं होतं, की एकमेकांचा प्रोग्राम वाचणंसुद्धा त्यांना कमीपणाचं वाटे.

रविवारी दुपारी आई स्टुलावर येऊन बसली. "एक अधिक एक किती, विचारा त्याला."

बाबांनी बटणं दाबली. मूळ प्रोसेसरने आकडे पुढे सरकवले, दुसऱ्याने बेरीज करून उत्तर पडद्यावर लिहिलं. ५१२.

"बोलले तर खरे एकमेकांशी," बाबा म्हणाले.

"कंडेन्सर गेला असेल," कंडेन्सर म्हणाला.

शेवटी नाइलाजाने दोघांनी एकमेकांचे प्रोग्राम उघडले. संख्या मेमरीच्या दोन घरांत राहायची. एक प्रोसेसर ती डावीकडून वाचायचा, दुसरा उजवीकडून, म्हणून मध्ये कोणीतरी एकाने घरांची अदलाबदल करणं भाग होतं. याला काय जमणार, म्हणून बाबांनी आपल्या प्रोग्राममध्ये एक ओळ घालून ती गुपचूप करून टाकली होती. त्याला काय सुचणार, म्हणून कंडेन्सरनेही केली होती. दोघांच्या या मोठ्या मनामुळे आकडा पुन्हा उलटा होऊन प्रत्येक एकाचे २५६ झाले होते.

"मग एकाने आपली ओळ काढा की," आई म्हणाली.

"तू काढ," बाबा मित्राला म्हणाले.

"मी का? पडतं मी घेतलंय."

"आधी मी घेतलं होतं."

बाबांचं बोट बटणापर्यंत गेलं. एक ओळ पुसली की खोली वाचत होती. पण मग हा कंडेन्सर जन्मभर सांगत सुटला असता, की यांचं मी सांभाळून घेतलं. बोट मागे आलं. आईने चहा आणला, म्हणजे मुदत संपली.

कंडेन्सर तणतणत निघून गेल्यावर लेक टेप घेऊन खोली मोजायला आली.

"एकच ओळ पुसायची होती ना, बाबा?"

"हो. पण दर वेळी माघार मीच का घ्यायची?"

लेक टेप गुंडाळत राहिली. "आमचंही एवढंच होतं," ती म्हणाली.

पोरीने जरा नमतं घ्यायला हवं होतं, असं बाबा येईल-जाईल त्याला सांगत आले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खाली वाकून कॉम्प्युटरची वायर भिंतीवरच्या प्लगमधून काढली.

"शिलाई मशीन खिडकीशी ठेव," ते म्हणाले. "तिथे उजेड चांगला येतो."